मधली सीट

गुरुवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले आणि लीलाधरराव भंगाळ्यांना म्हणाले, "काका, आम्ही खूप प्रयत्न केले." पुढचं त्यांना ऐकू आलं नाही, पण कळलं. पहाटे छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांची बायको उज्ज्वला स्वतःच्या पायांनी चालत जाऊन रिक्षात बसली होती. वाटेत तिने दोनदा विचारलं ते एवढंच, की गॅसचं बटण बंद केलंत ना?

अकरा वाजता त्यांच्या खिशातला फोन वाजला. 'पाखरू' विमान कंपनीचा संदेश होता. संध्याकाळच्या जळगाव-हैदराबाद विमानात तुमच्या दोन जागा तयार आहेत, अकरा-ए आणि अकरा-बी, प्रवास सुखाचा होवो. त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, मयूरीच्या, आणि जावई अनिकेतच्या हैदराबादमधल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. भरलेल्या बॅगा घरी दाराशी उभ्या होत्या.

विमान वेळेवर गेलं. तिकीट रद्द करायचं कोणाच्या लक्षात येणार? दुसऱ्या दिवशी कंपनीने पुन्हा लिहिलं, 'दोन प्रवासी आले नाहीत. कृपया कारण कळवा.' लीलाधररावांनी तो संदेश पुसला नाही आणि त्याला उत्तरही दिलं नाही.

हे एप्रिलमधलं. दिवाळी झाली आणि पाखरूची वेबसाइट बदलली.

तोपर्यंत मयूरीला सातवा महिना सरत आला होता. बाळंतपणाला ती माहेरी येणार नव्हती. माहेरी करणारं होतं कोण? तेव्हा जानेवारीत पप्पांनीच हैदराबादला यायचं असं ठरलं. लीलाधरराव एका सकाळी लॅपटॉप उघडून बसले. शेजारी त्यांचा जुना सहकारी सुपडू चौधरी होता. दोघेही वीज कंपनीतून निवृत्त झालेले. लीलाधररावांनी चौतीस वर्षं मीटर तपासले होते, सुपडूने खांबावर चढून तारा ओढल्या होत्या.

पडद्यावर पांढरं पान आलं. मध्ये एक निळं पाखरू. खाली एकच ओळ, 'नेहमीसारखं?' आणि दोन बटणं, हो आणि नाही.

"नेहमीसारखं म्हणजे कसं?" सुपडूने विचारलं.

"मला काय माहीत? मी कधी काढलंय तिकीट?"

"मग हो दाब. बघू तरी."

हो दाबल्यावर जानेवारीतला एक गुरुवार आला, संध्याकाळचं विमान, अकरा-ए आणि अकरा-बी. दोन जागा.

"अरे, एक पाहिजे. नाही दाब."

नाही दाबलं. पुढचा गुरुवार आला. अकरा-ए, अकरा-बी.

"परत नाही दाब."

त्याच्या पुढचा गुरुवार आला. दोन जागा. एकाचे दोन कुठे झाले, दोनाचा एक कुठे करायचा, तारीख कुठे लिहायची, काही म्हणजे काही नव्हतं. पानावर एकही चौकोन नव्हता. अर्धा तास असा गेल्यावर सुपडू उठला.

"लील्या, एवढ्या वेळात आपण चालत अजिंठ्याचा घाट उतरलो असतो."

"जुनी वेबसाइट बरी होती."

"तेव्हा तर शिव्या द्यायचास."

खरं होतं ते. जुनी वेबसाइट हळदीसारखी पिवळी होती, आणि नाव, वय, गाव, सगळं दरवेळी नव्याने विचारायची. तुम्ही माणूसच आहात ना, हे सिद्ध करायला नऊ चित्रांतून सिग्नल शोधायला लावायची. उज्ज्वलाचा चष्मा नाकावर घसरलेला असायचा. ती पडद्याशी भांडायची, "ह्यात कुठे आहे सिग्नल? अहो, हा खांब आहे ना? तुमच्या कंपनीचा खांब आहे हा!" लीलाधररावांना उठून यावं लागायचं आणि खांब कुठल्या उंचीचा आहे ते सांगून परत जावं लागायचं.

तिची एक पद्धत होती. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून लॅपटॉपच्या बाजूला ठेवायचं. सगळे चौकोन भरत पैसे देण्यापर्यंत जायचं आणि तिथे पान बंद करून चहा टाकायचा. "थोडा वेळ भाव खाऊ द्या त्यांना," ती म्हणायची. चहा पिऊन पुन्हा उघडलं की भाडं बरेचदा उतरलेलं असायचं. शेवटी 'विशेष सूचना' नावाचा एक चौकोन होता. तो कोणी वाचत नसावं, पण ती दरवेळी भरायची. एकदा लीलाधररावांनी मागून वाचलं होतं, 'यजमानांना खिडकीच द्यावी. ते वर गेल्यावर विजेच्या तारा बघतात. मला मधली चालेल.'

पाखरूकडे माणसाशी बोलायचं असेल तर अर्ज करावा लागायचा. तीन दिवसांनी फोन आला. बोलणारीने आपलं नाव शर्वरी सांगितलं.

"सर, तक्रार काय आहे?"

"मॅडम, मला एक तिकीट पाहिजे. तुमचं पाखरू दोनच देतं."

तिने त्यांचं खातं उघडलं. बोटांची टकटक ऐकू आली. मग तिने समजावून सांगितलं, आणि नीट सांगितलं. कंपनीने फॉर्म काढून टाकला होता. ग्राहक काय दाबतो, किती वेगाने दाबतो, कुठे घुटमळतो, कुठून मागे फिरतो, ही बारा वर्षांची माहिती त्यांच्याकडे साठलेली होती. तिच्यावरून प्रत्येक ग्राहकाची एक प्रतिकृती तयार केलेली होती. चेहरा नाही, आवाज नाही, नुसती सवयींची बनलेली. आपण पान उघडलं की यंत्र आधी त्या प्रतिकृतीकडे जातं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तिला हजारो तिकिटं विकून बघतं. ती जे घेते ते आपल्याला दाखवतं. ती जे कधीच घेणार नाही, ते आपल्यापर्यंत येतच नाही.

लीलाधररावांना हे चटकन समजलं. मीटर दर पंधरा मिनिटांचा वापर नोंदवायला लागल्यापासून त्यांना आलेखावरून घर ओळखता यायचं. पहाटे साडेपाचला उंचवटा म्हणजे कोणीतरी गिझर लावला. अकराला बारीक दात म्हणजे मिक्सर. दुपारभर सपाट, म्हणजे घरात कोणी नाही. त्यांच्या स्वतःच्या घराच्या आलेखातला साडेपाचचा उंचवटा एप्रिलमध्ये गेला होता. तो त्यांनी एकदाच पाहिला आणि नंतर वीजबिलाचं ते पान उघडलं नव्हतं.

"पण मॅडम, ह्या सवयी माझ्या नाहीत."

"खातं तुमचंच आहे ना, सर? तुमचं नाव, तुमचा नंबर, तुमची जन्मतारीख."

"हो, पण मी आयुष्यात एक तिकीट काढलेलं नाही. सगळं मिसेस बघायची."

"मग त्यांचं वेगळं खातं?"

"नाही. गॅस, फोन, वीज, सगळं माझ्या नावावर. करायची ती."

शर्वरीने पुन्हा टकटक केली. "सर, आमच्याकडे त्या नुसत्या सहप्रवासी म्हणून आहेत."

"मग मला 'नेहमीसारखं?' असं विचारतंय ते कोण?"

"ती प्रतिकृती त्यांची असणार, सर. तुमच्या नावावर."

लीलाधररावांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

शर्वरी पुढे बोलत गेली. "म्हणूनच आमच्या लोकांना हे खातं जरा वेगळं वाटलं होतं. ह्यात दर एकोणतीस-तीस दिवसांनी एक दिवस कोरा असतो. त्या दिवसाचं तिकीट कितीही स्वस्त केलं तरी प्रतिकृती घेत नाही. आम्हाला वाटलं पगाराचा काही हिशेब असेल. बारा वर्षांत एकदाच तो नियम मोडलाय. पुणे, एकेरी, एक प्रवासी. त्या दिवशी सगळा फॉर्म चाळीस सेकंदांत भरलेला आहे. एरवी ह्या खात्याला पाऊण तास लागतो."

"मग आता मी काय करायचं?"

"एकदम सोपं आहे. एप्रिलमधल्या एका प्रवासाचं कारण तुम्ही अजून कळवलेलं नाही. त्या यादीत पाचवं कारण आहे, 'सहप्रवासी हयात नाहीत'. ते निवडलं की जुनी प्रतिकृती पुसली जाते. नियमाने ती पुसावीच लागते. मग तुमची नवी सुरू होईल. एक जागा, पाहिजे तो दिवस, सगळं मिळेल. मी इथून भरू का, सर?"

"थांबा," लीलाधरराव म्हणाले.

"सर?"

"नका भरू. मी भरतो नंतर."

फोन ठेवल्यावर ते उठले आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. दर एकोणतीस-तीस दिवसांनी. प्रत्येक पानावर तो काळा गोल होताच. अमावस्या. अमावस्येला उज्ज्वला प्रवासाला निघायची नाही. ह्यावरून त्यांनी तिची आयुष्यभर टिंगल केली होती. विजेला अमावस्या कळते का, असं ते विचारायचे. ती म्हणायची, "विजेला नसेल कळत, मला कळते."

तेव्हापासून सकाळच्या चहाबरोबर पान उघडायची त्यांना सवय लागली. नेहमीसारखं? हो. गुरुवार, अकरा-ए, अकरा-बी. पैसे देण्यापर्यंत जायचं आणि बंद करायचं. चहा प्यायचा. पुन्हा उघडलं की भाडं थोडं उतरलेलं असायचं, कारण ती तशी वाट बघते हे यंत्राला ठाऊक होतं. डिसेंबरात तर पान उघडल्या उघडल्या त्याने आपणहून जास्तीचं पाच किलो सामान जोडलं. लीलाधरराव बघत राहिले. भरताची हिरवी वांगी! थंडीत ती काट्याकुट्यांवर वांगी भाजायची, सोलून डब्यात भरायची आणि मयूरीकडे न्यायची. कंपनीला वांगी माहीत नव्हती. वजन माहीत होतं.

सुपडूने एकदा त्यांना असं करताना पकडलं.

"काढलंस का तिकीट?"

"काढतो ना. जानेवारीला वेळ आहे."

"रोज उघडतोस आणि बंद करतोस. दुकानात जाऊन नुसती साडी उलगडून यायचं झालं हे."

"तिचं तेच असायचं," लीलाधरराव म्हणाले. सुपडूने चहा उचलला.

मग डिसेंबरातल्या एका दुपारी मयूरीचा फोन आला.

"पप्पा, घाबरू नका. बी.पी. खूप वाढलंय. डॉक्टर म्हणतात, थांबता येणार नाही. उद्या संध्याकाळी सिझर करतील."

"अगं, पण अजून महिना आहे ना?"

"आहे. पण करावं लागणार आहे." तिचा आवाज एकदम लहान झाला. "अनिकेत आहे इथे, सगळं करतोय. पण पप्पा, तुम्ही याल ना? आत न्यायच्या आधी? मला आपलं कोणीतरी पाहिजे."

"येतो. उद्या दुपारीच येतो."

सुपडूला त्यांनी बोलावून घेतलं. पान उघडलं. नेहमीसारखं? नाही. गुरुवार. नाही. पुढचा गुरुवार. कॅलेंडर बघायची गरज नव्हती, तरी त्यांनी बघितलं. उद्याच्या चौकोनात काळा गोल होता.

"विमान आहे उद्या," सुपडू म्हणाला. त्याने आपल्या फोनवर पाहिलं होतं. "हे बघ. बाराला निघतं. जागाही आहेत. माझ्या खात्यावरून काढू."

ते जमलं नाही. विमानतळावर चेहरा बघून आत सोडायचे, आणि एका माणसाचं नाव एकाच खात्यात राहू शकत होतं. जळगावहून हैदराबादला दुसरी कंपनी जात नव्हती. रेल्वेने गेलं तर पोचेपर्यंत परवा उजाडला असता. माणसाशी बोलायचं तर तीन दिवस.

"लील्या, त्या बाईने सांगितलेलं ते कारण भर आणि मोकळा हो. दोन मिनिटांचं काम आहे."

लीलाधररावांनी एप्रिलमधला प्रवास उघडला. कारणांची यादी आली. बेत बदलला. उशीर झाला. दुसऱ्या वाहनाने गेलो. तब्येत बरी नव्हती. सहप्रवासी हयात नाहीत. त्यांनी बाण पाचव्या ओळीवर नेला. यादीत 'विशेष सूचना'चा चौकोन नव्हता. असता तरी त्यात काय लिहिलं असतं?

"अरे, लेक वाट बघतेय," सुपडू हळू म्हणाला. "वहिनी असती तर ती थांबली असती का अमावस्येसाठी?"

लीलाधररावांचं बोट थांबलं.

"नव्हती थांबली," ते म्हणाले.

मयूरी पुण्याला हॉस्टेलमध्ये असताना तिला डेंग्यू झाला होता. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा उज्ज्वला कणीक मळत होती. तिने हातही धड धुतले नाहीत. कॅलेंडर भिंतीवरच राहिलं. लीलाधररावांना ड्यूटीवरून सुट्टी मिळत नव्हती, तर तिने एकटीचंच तिकीट काढलं. ना चहा, ना घासाघीस. त्यांनी मुद्दाम आठवण करून दिली होती, "आज अमावस्या आहे हो." ती पिशवीत कपडे कोंबत म्हणाली, "लेकरू आजारी आहे. मला नका सांगू अमावस्या." आणि लॅपटॉपच्या बटणांना आठवडाभर पीठ चिकटलेलं होतं.

चाळीस सेकंद, शर्वरी म्हणाली होती. किती वेगाने दाबतो तेही ते बघतात.

लीलाधररावांनी यादी बंद केली. लॅपटॉपवर ते एका बोटाने, प्रत्येक बटण आधी वाचून मग दाबायचे. आता त्यांनी वाचणं सोडून दिलं. पान उघडलं आणि नाही दाबलं. गुरुवार दिसायच्या आत नाही. पुढचा दिसायच्या आत नाही. नाही, नाही, नाही.

"अरे, मोडशील ते!" सुपडू ओरडला.

पाखरू थांबलं. क्षणभर पान कोरं झालं. मग ओळ आली, 'उद्या? एकेरी? एक प्रवासी?'

लीलाधररावांनी हो दाबलं. प्रवासी कोण, म्हणून दोन नावं आली. वर उज्ज्वला लीलाधर भंगाळे. तिच्या खाली त्यांचं. त्यांनी खालचं निवडलं. ते चहाला उठले नाहीत, पैसे भरून मोकळे झाले.

तिकीट आलं तेव्हा सुपडूने चष्मा वर करून वाचलं. "अकरा-बी. हे काय, खिडकी नाही दिली तुला?"

"एकटी गेली होती तेव्हा ती मधेच बसली असणार," लीलाधरराव म्हणाले. "तिला दोन्हीकडे बोलायला लागायचं."

दुसऱ्या दिवशी ते अकरा-बीवर बसले. एकीकडे हैदराबादमार्गे चेन्नईला नोकरी शोधायला निघालेला तरुण होता, दुसरीकडे एक केळीचे व्यापारी. बारा वर्षं दोघांनी मिळून प्रवास केला, त्यात लीलाधरराव ह्या जागेवर कधी बसले नव्हते. विमान वर चढलं तेव्हा सवयीने त्यांनी खाली बघायला मान वळवली. दीपनगरच्या वीज केंद्राकडून येणारी मोठी लाईन इथेच कुठेतरी असणार होती. "ती बघा, आली तुमची लाईन," उज्ज्वला दरवेळी सांगायची. तिला ती कशी दिसते, असं त्यांना वाटायचं. आता कळलं की मधल्या सीटवरून खाली काहीसुद्धा दिसत नाही. खिडकीशी बसलेला माणूस तेवढा दिसतो. तो पुढे झुकला की लाईन आली.

केळीचे व्यापारी खिडकीला नाक लावून बसले होते. लीलाधरराव म्हणाले, "काय दिसतंय?"

"तारा दिसतायत हो, केवढ्या!"

"चारशे केव्हीची लाईन आहे ती," ते म्हणाले, आणि मग हैदराबाद येईपर्यंत बोलत राहिले.

ते दवाखान्यात पोचले तेव्हा मयूरीला आत न्यायला अर्धा तास होता. तिचे पाय सुजले होते. तिने त्यांचा हात धरला आणि विचारलं, "पप्पा, आज अमावस्या आहे ना? आई असती तर काय म्हणाली असती?"

"काही नाही. ती आधी इथे पोचली असती."

साडेसहाला मुलगी झाली. दोन किलोला थोडी कमी. काचेच्या पेटीत ठेवली होती. अनिकेतने फोटो काढले, लीलाधररावांनी ते सुपडूला पाठवले. सुपडूने लिहिलं, 'वहिनीचं नाक.' अजून नाकाला आकार आला नव्हता, पण त्यांना ते पटलं.

त्यांना हैदराबादला येऊन आता दोन महिने झाले. बाळाला अंघोळ घालायला बाई येते. दुधाच्या बाटल्या लीलाधरराव उकळतात. साडेपाचला उठतात आणि गिझर लावतात. चहाबरोबर पाखरूचं पान उघडतात. जळगावला परतायचं तिकीट ते दाखवतं. हल्ली कधी गुरुवार असतो, कधी बुधवार, कारण आता त्यात थोडं त्यांचंही मिसळायला लागलं आहे. दोन जागा मात्र अजून असतात. येत्या आठवड्यात जायला हवं, घर बंद आहे, नळ ठिबकतो.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका आहे. एप्रिलमधल्या प्रवासाचं कारण अजून भरायचं आहे.